नेर रोडचा समुद्र

दारव्हा
१९ फेब्रुवारी २००६

शीले,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडायला निघणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे मायच्या फोटोबद्दल नाही. एका पक्ष्याबद्दल आहे. फाडायचंच असेल तर पक्ष्यापुरतं वाच आणि मग फाड.

नेर रोडच्या तलावावर यंदा हिवाळ्यात एक पाहुणा आला होता. कोंबडीहून थोडा मोठा, रंग वाळल्या गवताचा, पाय उंच. चोच इतकी लांब की आधी वाटलं तोंडात काडी धरून उभा आहे. ती शेवटाला खाली वाकलेली, अगदी विळ्यासारखी. चिखलात खुपसायचा, आत फिरवायचा, काहीतरी ओढून काढायचा आणि मान वर करून गिळायचा. बगळे, टिटव्या आपापल्या घोळक्यात आणि हा एकटाच पाण्याच्या कडेकडेनं. कॉलेजातले एक सर म्हणाले, हा समुद्रकाठचा पक्षी, इकडे एखाददुसराच येतो. म्हणून तुला विचारतोय. तुमच्या रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी असा दिसतो का? तिकडची माणसं त्याला काय म्हणतात? दवाखान्यातली ड्युटी सुटल्यावर तू किनाऱ्यावर फिरायला जातेस हे माय सांगायची. ती तर त्याला इळेवाला म्हणायची.

आलं बघ मायचं नाव. दहा ओळीसुद्धा झाल्या नाहीत.

बरं, मग बोलूनच टाकतो. मी पाठवलेला मायचा फोटो तू परत केलास, तो मिळाला. फ्रेमची काच पोस्टात फुटली होती, ते असो. मागच्या पुठ्ठ्यावर तुझ्या अक्षरात तीन शब्द होते: हे हात कोणाचे? मी ते वाचलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्याला पासपोर्टचा फोटो हवा होता. मी त्याला तीनदा हनुवटी वर करायला लावली आणि तीनदा खाली, शेवटी तो म्हणाला, भाऊ, तुमची तब्येत बरी नाही का?

तू मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे विचारलंस तेही मला रोज ऐकू येतं. सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलंस. "दादा, तू पंधरा वर्षांपासून अख्ख्या तालुक्याचे फोटो काढतोस, आणि घरच्या माणसाचा एक नाही तुझ्याकडे?" तुला तिचं तोंड पाहायला मिळालं नाही, म्हणून तू तसं बोललीस. मान्य. रविवारी सकाळी तिनं चहा मागितला आणि चहा होईपर्यंत ती गेली. तू रत्नागिरीहून निघालीस ती सोमवारी उन्हं कलल्यावर पोचलीस. नागोरावमामा म्हणाले, एवढा वेळ ठेवता येत नाही. मी मान हलवली. मीच हलवली, दुसऱ्या कोणी नाही.

पण फोटोचं मी तेव्हाच सांगितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती माझ्याबरोबर तलावावर होती, मी काढणारच होतो, पण रोल संपलेला होता. यावर आता काय बोलायचं? रोल संपतो. मशीनच आहे ते.

पक्ष्याचं मात्र कळव.

तुझा दादा,
राजदीप


दारव्हा
२ एप्रिल २००६

शीला,

सहा आठवडे झाले. फोन केला तर तू कट करतेस. तुझ्या वहिनीनं तिच्या फोनवरून केला तर तिच्याशी पाऊण तास बोललीस आणि माझा आवाज आला तशी ठेवून दिलास. ठीक आहे. पत्र काही कट करता येत नाही.

आज मी रागात आहे, म्हणून सरळ लिहितो.

हात कोणाचे, हे तुला हवं होतं ना? ते एका व्यापाऱ्याच्या बायकोचे आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी ती लग्नाच्या वाढदिवसाला जरीचं लुगडं नेसून आमच्या स्टुडिओत बसली होती. हात मांडीवर, एकावर एक. तो फोटो चांगला आला होता, म्हणून त्याचं धड मी कॉम्प्युटरमध्ये ठेवलंय. कोणाची आई, आजी गेली आणि घरात फोटो नसला की लोक मतदान कार्ड घेऊन येतात. मी त्यातलं तोंड मोठं करतो आणि या धडावर बसवतो. याला आमच्यात जोडकाम म्हणतात. पुरुषांसाठी एक काळा कोट आहे. तालुक्यातल्या कितीतरी मेलेल्या माणसांनी तो कोट घातलाय आणि जिवंतपणी त्यातल्या एकानंही नाही. कोणी आजवर विचारलं नाही की हा कोट कोणाचा. उलट रडतात आणि म्हणतात, आमचा बुढा साहेबासारखा दिसून राह्यला.

या वर्षी हे काम फार वाढलं आहे. का वाढलं आहे ते तू पेपरात वाचतच असशील. आधी महिन्याला दोन-तीन यायचे, आता आठवड्याला येतात, आणि कार्डावरची तोंडं तरुण असतात. मी त्यांना कोट चढवतो. तुला वाटत असेल की मायचा फोटो मी बसल्या बसल्या उरकला. तीन दिवस लावले मी त्याला. कार्डावर तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते, ते उघडले. बाईच्या हातातल्या बांगड्या पुसल्या, गळ्यातलं पुसलं. हात तसेच राहिले. हातांकडे माझं लक्षच गेलं नाही.

खरं सांगायचं तर गेलं होतं. दिसलं मला. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी फाटलेल्या बोटांच्या कडा नाहीत, वाकडं बोट नाही, नखं कापलेली आणि मऊ. मला वाटलं तुला चालेल. सगळ्यांना चालतं. पण तू नर्स, दिवसभर लोकांचे हात धरून शिरा शोधणारी. तुझ्यापुढे माझं जोडकाम टिकणार नव्हतं हे मला कळायला हवं होतं.

पण एक मीही विचारतो. तिच्या उभ्या आयुष्यात तिचा एक फोटो का नाही, याचा दोष एकट्या माझ्यावर कसा? तुझ्या नर्सिंगच्या पदवीचा ग्रुप फोटो आठव. तुम्ही सगळे आहात, मामा आहेत, मामाचा शेजारी बाबारावसुद्धा आहे, ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही. माय कुठे होती? सगळ्यांच्या पिशव्या धरून कॅमेऱ्यामागे. फोटो मी काढत होतो आणि माझ्या बाजूला ती. तेव्हा तूही म्हणाली नाहीस, माय ये म्हणून. कोणीच म्हणालं नाही. कोणी म्हटलं तरी ती म्हणायची, "माहा काय काढतं, वावरातल्या बुजगावण्याचा?" आणि आपण हसायचो.

समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली मी तिच्यासाठी एक खिळा ठोकून ठेवला आहे. तो रिकामाच आहे. परवा पायलनं त्याला दप्तर अडकवलं. नऊ वर्षांची पोर, तिला काय कळतं? मी इतका ओरडलो की ती आजपर्यंत माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणजे आता दोन झाल्या.

राजदीप


दारव्हा
२३ जुलै २००६

शीले,

दोन पत्रं लिहून फाडली. एक चहाच्या टपरीवर बसून लिहिलं होतं, एक दुकानात. घरी बसवत नाही, त्या खिळ्यासमोर यावं लागतं. म्हणून हे एस.टी. स्टँडवर लिहितोय, पुसदच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांमध्ये. मला कुठे जायचं नाही. शेजारच्या माणसानं विचारलं, कुठं चालले? मी पुसद म्हणालो.

एक बातमी आहे. नागपूरच्या एका पेपरानं फोटोंची स्पर्धा ठेवली होती, विषय 'संध्याकाळ'. मी इळेवाल्याचा फोटो पाठवला आणि दुसरं बक्षीस आलं. पेपरात छापूनही आला. पक्षी पाण्याच्या कडेला उभा, पाणी सगळं तांबडं, चोचीच्या टोकावर एक थेंब. खाली लिहिलं होतं, छाया: राजदीप, दारव्हा, ८ डिसेंबर २००५. त्याच पानावर वर चौकट होती, जिल्ह्यात कालपर्यंत किती शेतकरी गेले त्याची. चौकटीतल्यांपैकी एकाला आदल्याच आठवड्यात मी कोट घातला होता.

लोक दुकानात येऊन पेपर दाखवतात. "राजदीपभाऊ, हे नेर रोडचं तळं हाय? आमाले तं समुद्रच वाटला!" प्रमाणपत्र फ्रेम करून लावा म्हणतात. मी ते ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलंय. तुझ्या वहिनीनं विचारलं, एवढं चांगलं झालं आणि तुम्ही असे का फिरता? मी म्हटलं, ऊन लागलं. जुलैत.

आता तुला एक सांगायचं आहे आणि गाडी लागायच्या आत सांगतो.

तो फोटो त्याच गुरुवारचा आहे. आठ डिसेंबरचा. तू वहिनीकडून पेपर मागवून घेतलास असं कळलं, तेव्हा तारीख तू जुळवलीच असशील. मी तुला म्हणालो होतो की माय तलावावर होती तेव्हा रोल संपलेला होता. तो संपला नव्हता. एक शिल्लक होता. बारशाचे तेहतीस काढले होते, दोन पक्ष्यावर वाया गेले होते, आणि छत्तिसावा उरला होता. तो मी पक्ष्यावर खर्च केला.

पण मायनं काही फोटो काढ म्हटलं नव्हतं. ती नेहमीसारखी मागे उभी होती. तिला हवा असता तर मी काढला असता. एवढं तरी मान.

गाडी आली. सगळे उठले. मी एकटाच बसून आहे आणि कंडक्टर माझ्याकडे बघतोय.

राजदीप


दारव्हा
१२ नोव्हेंबर २००६

शीला,

मागच्या पत्रातलं शेवटचं खोटं आहे. सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा काहीतरी बनवीन, म्हणून एका बैठकीत लिहायचं ठरवलंय. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय.

वेचणी सुरू झाली आहे. अकरा डिसेंबरला मायचं वर्ष आहे, आणि खिळा रिकामाच. मग माझ्या डोक्यात आलं की तुला हातच खुपतात ना, तर खरे हात शोधू. सुभद्रामावशी आठवते ना, मायच्या शेजारच्या ओळीनं तीस वर्षं कापूस वेचणारी? तिला दुकानात बोलावलं. स्टुलावर बसवलं, मांडीवर हात ठेवायला सांगितलं. ती हात पदरात लपवून बसली.

"माह्या हाताचा फोटो? कायले?"

मी सांगितलं. मायच्या चेहऱ्याला तुमचे हात लावतो, सारखेच आहेत, शीलेला कळणार नाही.

"इंदूच्या तोंडाले माहे हात?" ती उठूनच उभी राहिली. "येडा झाला का बे तू? मी जित्ती हाव ना अजून! आन् कायले पायजे तुले? तिचा फोटो तं हाय ना तुह्यापाशी. तळ्यावरचा."

मी म्हटलं, कोणता?

"कोणता म्हंजे? शुक्करवारी वावरात आली तं दिसभर तेच सांगे. पोरानं माहा फोटो काढला, समिंदरापाशी. आम्ही म्हनलं, खोटी हायेस तू. तं म्हने, खोटं काहून? माह्यावर ओरडला ना तो, माय तुही सावली येऊन राह्यली म्हणून. सावली आली म्हंजे आली ना मी फोटोत! शीलेले पाठवते म्हने. लय हासली त्या दिवशी. अशी हासतच नव्हती कदी."

मग माझ्या तोंडाकडे बघून मावशी म्हणाली, "काय झालं बे? नाई निंगाला का तो?"

शीले, त्या गुरुवारी असं झालं. तलावाला लागून जे वावर आहे तिथे माय फरदडीचा उरलासुरला कापूस वेचायला गेली होती. मालकानं झाडं सोडून दिली होती, त्या भावात वेचणी परवडत नाही म्हणाला, पण ही आणि मावशी जात होत्या. मी लुनावर तिला घ्यायला गेलो. जाण्याचं खरं कारण पक्षी होता, ती वाटेवर होती म्हणून घ्यायची, एवढंच. चार दिवसांपासून मी त्याच्या मागे होतो. मी कॅमेऱ्याचा स्टँड लावून उभा राहिलो आणि माय मागून आली. चिखल होता म्हणून कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवता येईना, ती मी तिच्याकडे दिली. तिनं मागितली नव्हती, मीच न बघता हात मागे केला आणि तिनं घेतली.

सूर्य आमच्या पाठीवर होता आणि पाणी पेटल्यासारखं दिसत होतं. ती म्हणाली, "हा तं इळा घेऊनच आला रे." मग म्हणाली, "राजू, शीलेच्या तिथं समुद्र असाच असन का?" मी हूं म्हटलं. मग म्हणाली, "माहा एक फोटो काढतं का इथं? तिले पाठवू. म्हणा, तुही मायबी समुद्रापाशी उभी हाय."

ऐकलंस ना? तिनं मागितला होता. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःचा फोटो मागितला आणि तो तुझ्यासाठी मागितला.

मी मागे वळलोसुद्धा नाही. म्हणालो, "उद्या काढतो माय, एकच उरला हाय." तेवढ्यात पक्ष्यानं मान वर केली, चोचीवर थेंब, आणि माझ्या काचेत खालून तिची सावली आली. मी ओरडलो, "सरक ना बाजूले! सावली येऊन राह्यली तुही!" आणि बटण दाबलं. पक्षी उडाला. मी खूश होतो. येताना लुनावर मी तिला काचेतून काय दिसलं ते सांगत होतो आणि ती "हो का, हो का" म्हणत होती. तो उद्या शुक्रवारी आला, मला एका साखरपुड्याला जायचं होतं. शनिवारी मी विसरलो. रविवारी ती गेली.

हे मी वर्षभर कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. तू सगळ्यांसमोर विचारलंस तेव्हा तोंडातून निघालं, रोल संपला होता, आणि मग ते तसंच धरून बसलो. मी घाबरलो होतो, शीले. तू मला काय म्हणशील याला घाबरलो होतो.

मावशी गेल्यावर मी ती निगेटिव्हची पट्टी शोधून काढली. स्पर्धेला पाठवताना लॅबवाल्याला मीच सांगितलं होतं की खालची बाजू काप, सावल्या आल्या आहेत. त्यानं कापली. म्हणजे पेपरात आलेला, बक्षीस मिळालेला, तू पाहिलेला फोटो हा मायला कापून केलेला आहे. जोडकाम तर सोडच, इथे ती होती आणि मी काढून टाकली.

आणखी एक. रोलवर छत्तीस लिहिलेलं असतं, पण सुरुवातीला नीट भरला असेल तर कधी कधी शेवटी एक जास्तीचा निघतो. आमच्या धंद्यात पोरासोरांनाही हे माहीत आहे. लिव्हर ओढून बघायची, ओढली गेली तर एक आहे. मी त्या दिवशी ओढून बघितली नाही. माझं काम झालं होतं. आता पट्टी उजेडात धरली, तर छत्तीसनंतर कोरी जागा आहे. एका फोटोपुरती.

काल मी यवतमाळला जाऊन पूर्ण निगेटिव्हचा फोटो करून आणला. लॅबवाला म्हणाला, खालचं कापू का, घाण दिसते. मी म्हटलं, केसभरही कापू नका. तो सोबत पाठवतोय. वर इळेवाला लहानसा आहे. खाली चिखलावर दोन लांब सावल्या आहेत. उजवीकडची माझी, कोपरं बाहेर काढलेली. डावीकडची मायची. डोक्याला बांधलेलं फडकं दिसतं. एक हात कपाळावर धरला आहे, माझ्या पक्ष्याला नीट बघायला. दुसरा खाली आहे आणि त्या हातात चौकोनी काहीतरी लोंबतंय. ती माझी बॅग. हे हात तिचेच आहेत, शीले. यात मी काही जोडलेलं नाही.

तोंड नाही दिसत. तुला तोंड हवं होतं, ते माझ्याकडे नाही आणि आता कधी मिळणार नाही. पण तिला स्वतःला हा फोटो आपला वाटला होता, समुद्रापाशी काढलेला, आणि तो तिला तुला पाठवायचा होता. अकरा महिने उशीर झाला.

अकरा डिसेंबरला वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. भंतेजींना सांगितलंय. हा फोटो त्या खिळ्याला लावायचा का? लोक म्हणतील, पक्ष्याला फुलं वाहून राह्यले. तू नाही म्हणालीस तर लावणार नाही, खिळाही उपटून टाकीन. पण तू आल्याशिवाय मी यातलं काहीच ठरवत नाही. ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, मावशीकडे उतर. पण ये.

दादा


दारव्हा
३ डिसेंबर २००६

शीले,

तुझं कार्ड काल मिळालं. पोस्टमननं ते दुकानात आणून दिलं आणि मी त्याच्यासमोरच वाचलं, त्यामुळे त्यानंही वाचलं असावं. चार ओळी आहेत. चारही मला पाठ झाल्या.

बॅग ओळखलीस, बरं वाटलं. ते पक्षी तिथे ओहोटीला पुष्कळ असतात हेही कळलं. नाव विचारलं नाहीस आणि इळेवालाच चांगलं आहे म्हणतेस, तर मग इळेवालाच. यंदाही तो आलाय. परवा लांबून पाहिला. मी कॅमेरा नेला नव्हता.

आता तुझी शेवटची ओळ. "तू सरक म्हणाल्यावर ती काय म्हणाली आणि सरकली का, खरं लिही. यायचं की नाही ते त्यावर."

मी कालपासून या प्रश्नाभोवती घिरट्या घालतोय. दोनदा शटर ओढलं, दोनदा उघडलं. एक उत्तर असं सुचलं होतं की ती हसली आणि तिथेच उभी राहिली. तसं लिहिलं असतं तर तू आली असतीस, असं मला वाटतं. मावशीलाही ते खरं वाटलं असतं.

पण तू फोटो पुन्हा एकदा उजेडात धर. उजेड कमी होता, म्हणून त्या दिवशी मी काच जरा जास्त वेळ उघडी ठेवली होती. अशा वेळी जे हलतं ते पुसट येतं. पक्षी बघ, स्वच्छ आहे, तो स्थिर उभा होता. माझी सावली बघ, तिची कड सुरीनं कापल्यासारखी आहे. मायची सावली बघ. तिची डावी कड पुसट आहे, डोक्यापासून बॅगेपर्यंत सगळी. मला आधी वाटलं लॅबची चूक आहे. निगेटिव्ह भिंगाखाली धरली, तिथेही तसंच आहे.

ती म्हणाली, "सरकते नं बापा." आणि सरकली. मी बटण दाबलं तेव्हा ती सरकतच होती.

दादा